पंचावन्न मिनिटं

माझं काम एका ओळीत सांगता येतं. विमान इथून तिथे किती वेळात पोहोचेल ते मी सांगतो आणि लोक मला शिव्या देतात. नैरोबीच्या विल्सन विमानतळावर सत्तावीस वर्षं मी हेच करतोय. मोठी विमानं शहराच्या दुसऱ्या अंगाला उतरतात. आमच्याकडे छोटी, एका पंख्याची, मातीच्या पट्टीवर उतरणारी. वेळ सांगितली की गिऱ्हाइकाचं तोंड असं होतं, जशी ही पृथ्वी मीच मुद्दाम एवढी लांबवर पसरून ठेवली आहे.

त्या गुरुवारी हाजी बिशारची दोन्ही पोरं माझ्यासमोर उभी होती. पोरं म्हणजे पन्नाशीची. थोरला कुल्लो, धाकटा दाहिर. आया दोन, बाप एक, आणि बाप बाहेर रुग्णवाहिकेत स्ट्रेचरवर पडलेला. हाजी ऐंशीच्या पुढचा. फुप्फुसं संपली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता घरी न्या, आणि न्यायचं तर आजच न्या, उद्याचा भरवसा नाही. हाजीचं घर म्हणजे एल-गरस. वाजीरच्याही उत्तरेला, तिथे एक विहीर आहे आणि दुसरं काही नाही. म्हाताऱ्याला त्या विहिरीजवळ मरायचं होतं. एवढी एकच इच्छा होती त्याची, आणि ती मला पहिल्या मिनिटालाच पटली. माझ्या वडिलांना मी इस्पितळाच्या जिन्यात मरताना पाहिलंय.

पण पोरांच्या डोळ्यांपुढे बाप नव्हता, विहीर होती. एल-गरसला दोनशे घरांचे उंट त्या एका विहिरीवर पाणी पितात. कोणाच्या उंटांनी कोणत्या दिवशी प्यायचं, ती पाळी चाळीस वर्षं हाजीने लावली होती. ज्याच्यापुढे तो काठी टेकेल तो कळप पुढे. काठी म्हणजे तिथला कायदाच. आता हाजी गावच्या पंचांसमोर ती काठी कोणाच्या तरी हातात देणार होता. त्यामुळे विमानातून बापाबरोबर कोण उतरतो याला भलतंच महत्त्व आलं होतं.

"कुल्लो साहेब, काट्यावर या," मी म्हणालो. आमच्याकडे प्रत्येक माणूस वजनकाट्यावर उभा राहतो.

"मी काय बकरा आहे?"

"बकरा असता तर विचारलं नसतं, उचलून ठेवला असता."

एकशे चार किलो. मागून दाहिर हसला. तो गोड बोलायचा आणि ते गोड बोलणं कुल्लोच्या ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "दादाला दोनदा मोजा, म्झे," वडीलधाऱ्याला मारतात ती हाक मारत तो मला म्हणाला, "मान आहे त्याचा." मग स्वतः चढला. अठ्ठ्याऐंशी.

मी कागदावर बेरीज केली. एल-गरसला तेल मिळत नाही, म्हणून जायचं आणि यायचं दोन्ही तेल इथूनच न्यायचं. वर स्ट्रेचर, ऑक्सिजनचे सिलिंडर, नर्स, आणि हबीबो. हबीबो ही हाजीची मुलगी. चार महिने म्हातारा तिच्याच घरी होता, नैरोबीतच, ईस्टले वस्तीतल्या दोन खोल्यांत. ती काट्यावर चढली तेव्हा काटा शेहेचाळीसवर थांबला.

"अजून एक माणूस बसेल," मी म्हणालो. "एकच."

"मी," दोघंही म्हणाले.

यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणणं म्हणजे भांडणाचा अपमान आहे. कुल्लोने दाहिरच्या आईचं कूळ काढलं. दाहिरने शांतपणे विचारलं की दादा शेवटचा गावी आला तेव्हा कोणता दुष्काळ होता. हबीबो पुढे झाली. "मी उतरते," ती म्हणाली. "दोघांपैकी कोण बसायचं ते ठरवा. पण आबोला आधी चढवा."

"तू चढ नाहीतर उतर," दाहिर म्हणाला. "तुला विचारलंय कोणी?"

"चार महिने आबोच्या छातीला तेल चोळतेय मी. तेव्हा नाही आलात भांडायला, कोण चोळणार म्हणून?"

मी तिला सांगितलं की तू उतरलीस तरी ते दोघं मिळून बसत नाहीत, काटा खोटं बोलत नाही. तेव्हा तू बस.

तेवढ्यात कॅप्टन जेरोटिच आल्या. बाई तिशीतल्या, बारीक आवाजाच्या, आणि एकदा नाही म्हणाल्या की देवानेही परत विचारू नये अशा. "मुसिली, किती वाजता निघायचं?" त्यांनी मला विचारलं.

"उड्डाण दोन तास दहा मिनिटं. एल-गरसला सूर्य साडेसहाला बुडतो आणि पट्टीवर एक दिवा नाही. अर्धा तास हाताशी ठेवायचा आमचा नियम. म्हणजे इथून तीन पन्नासला."

त्यांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून गेले होते. "मी माझ्या जबाबदारीवर चार दहापर्यंत थांबेन. चार अकराला मी घरी जाईन."

"थांबा, थांबा," कुल्लो म्हणाला, आणि त्याने फोन माझ्या नाकापुढे धरला. "हे वाचा. दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ येते. सहाशे किलोमीटर. एक तास पंधरा मिनिटं. आणि तुम्ही म्हणता दोन तास दहा. मधली पंचावन्न मिनिटं कुठे जातात? घरी नेता का बायकोला?"

"हे जेट विमानाचं गणित आहे. दीडशे माणसांच्या. तिथे उभं आहे ते बघा. पंखा एकच आहे."

"अंतर तेच आहे ना?"

"अंतर तेच आहे."

"मग?"

"मग तुम्ही इथून उंटावर बसून निघालात तरी अंतर तेच असतं, कुल्लो साहेब."

त्याने ते ऐकलंच नाही. त्याच्या डोक्यात वेगळंच गणित चालू होतं. "सव्वा तासाचंच उड्डाण आहे तर एवढं तेल कशाला? निम्मं काढा. दोघं बसतो." आणि कॅप्टनकडे वळून, "आणि घाई कशाची? पाच वाजता निघालो तरी उजेडात पोहोचतो. तोवर मी माझ्या माणसांना बोलावतो. चार लोकांसमोर ठरू दे कोण बसायचं ते."

"तेल काढलं तर तुम्ही वाजीरच्या पुढे वाळूत उतराल," जेरोटिच म्हणाल्या. "तिथून चालत जा. सगळेच." आणि विमानाकडे निघून गेल्या.

खरं सांगतो, मूर्ख माणसाचा मला राग येत नाही. पण हातात छापलेला आकडा घेतलेल्या मूर्खापुढे मी हतबल होतो. एरवी त्याला कोणी तरी गप्प बसवलं असतं. पण सव्वा तास पडद्यावर लिहिला होता, आणि पडद्यावरचं खरं, सत्तावीस वर्षं या वाऱ्यात काढलेला मी खोटा. दाहिरलाही तो आकडा सोयीचा होता. वेळ भरपूर आहे असं ठरलं की हटून बसायला काही लागत नाही. तो जाऊन विमानाच्या नाकाखाली, बरोबर पंख्यासमोर, मांडी घालून बसला. "दादा माघार घेईपर्यंत मी हलत नाही," तो म्हणाला, अगदी हळू आवाजात. कुल्लो विमानाच्या दारात आडवा उभा राहिला. हमाल स्ट्रेचरच्या दांड्यांना हात लावायला गेले तसा तो त्यांच्या अंगावर धावला.

सव्वातीन झाले. साडेतीन. पावणेचार. ऊन पत्र्यावर तापत होतं आणि रुग्णवाहिकेच्या दारातून म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता. नर्सने मला बाजूला घेतलं. "दुसरा सिलिंडर लावलाय," ती म्हणाली. "परत इस्पितळात न्यायचं असेल तर तसं सांगा."

रद्द करायचं सांगायला मी रुग्णवाहिकेत चढलो. हाजीचे डोळे उघडे होते. त्याने सगळं ऐकलं होतं, ते मला बघताक्षणी कळलं. त्याची भाषा मला येते. इतकी वर्षं त्या भाषेत शिव्या खातोय.

"किती लांब?" त्याने विचारलं.

"सहाशे किलोमीटर, हाजी."

"ते मला कळत नाही. किती रात्री?"

हबीबो म्हणाली, "तरुणपणी आबो उंट विकायला इसिओलोला यायचे. सोळा रात्री लागायच्या. ते तसंच मोजतात."

मी विचार केला. तिसऱ्या प्रहरचा नमाज अस्र, सूर्य बुडाल्यावरचा मगरिब. मग म्हणालो, "अस्रला निघालात तर मगरिबच्या आत विहिरीवर."

त्याने डोळे मिटले आणि उघडले. "हे कळलं. अस्रला किती वेळ आहे?"

"पाच-सात मिनिटं."

"मग ते दोघं नमाजाला जातील. एकमेकांच्या देखत सुरू केलेला नमाज दोघांतला कोणी अर्ध्यात सोडणार नाही. सोडला तर दुसरा तो गावभर सांगेल." त्याने माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण सोडत नव्हता. "तेवढ्यात मला चढव."

"आणि ते दोघं?"

"राहू देत. सोळा रात्री चालायचो मी. एक उंट हरवला नाही. या दोघांना मोटारीपासून विमानापर्यंत एका रांगेत चालता येत नाही."

"तुमचा नमाज, आबो?" हबीबोने विचारलं.

"प्रवाशाला सवलत आहे. मी वर करीन. वर देवाच्या आणि माझ्या मध्ये कोणी बसलेलं नसेल."

मी खाली उतरलो आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने कॅप्टनच्या खिडकीशी गेलो. काय सांगायचं ते दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त पट्टा बांधला.

मग अजान झाली. दोघांच्याही फोनवर, कुल्लोच्या फोनवर अर्धं मिनिट आधी. "फोनसुद्धा पुढे पुढे करतो याचा," दाहिर म्हणाला आणि पँट झटकत उठला. कुल्लो दारातून हलला. दोघं नळावर गेले, हातपाय धुतले, हँगरच्या मागच्या सावलीत एकच चटई होती तिच्यावर उभे राहिले. पुढे उभं राहून नमाज कोणी पढवायचा यावरही जुंपली. दोघं एकमेकांच्या मागे उभे राहायला तयार नव्हते, म्हणून रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला पुढे ढकललं. तो बिचारा साधा माणूस. मोठ्या मानाने उभा राहिला आणि एकेक शब्द सावकाश, नीट म्हणू लागला. देव त्याचं भलं करो.

आम्ही स्ट्रेचर उचललं. दोन हमाल, नर्स आणि मी. हाजीचं वजन काहीच नव्हतं, काठीचंच जास्त वाटलं. ती त्याने छातीवर आडवी धरली होती. ज्या खुर्चीपायी तास गेला ती खुर्ची रिकामीच राहिली. दार लागलं. पंखा फिरला.

पंख्याचा आवाज हँगरमागे पोहोचला नसेल असं होणं शक्यच नव्हतं. मी कोपऱ्यावरून पाहिलं. दाहिरची मान ताठ झाली. कुल्लोने छातीवर बांधलेल्या हातांची मूठ वळली. दोघंही डोळ्याच्या कोपऱ्यातून एकमेकांकडे बघत होते, की हा सोडतो का, हा सोडतो का. दोघं वाकले. दोघांनी कपाळ टेकलं. विमान पट्टीकडे वळलं तेव्हा ते पुन्हा उभे राहिले, खांद्याला खांदा लावून. आयुष्यात पहिल्यांदा ते दोघं एका रांगेत होते आणि दोघांचाही जीव जळत होता.

ड्रायव्हरने उजवीकडे सलाम फिरवला, मग डावीकडे, आणि नमाज संपला. तोवर चार वाजून पाच मिनिटं झाली होती आणि विमान राष्ट्रीय उद्यानाच्या झाडांवर होतं.

कुल्लोने माझी कॉलर धरली. त्याची थुंकी माझ्या चष्म्यावर उडाली. आईवरून, जातीवरून, मी कांबा म्हणून कांबा लोकांनी काय काय चोरलंय यावरून, सगळं झालं. दाहिर नुसता म्हणाला, "म्झे, याचा जाब द्यावा लागेल." मला दाहिरची जास्त भीती वाटली. पण चिडलो होतो मीही. "तुमच्या बापाने सांगितलं, मी केलं," मी ओरडलो. "परत सांगितलं तर परत करीन! सोडा कॉलर!"

ते गेले नाहीत. माझ्या खोलीत येऊन बसले, दोन टोकांच्या दोन खुर्च्यांवर, भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून. मी रेडिओ लावला, वही उघडली. पाच वीस झाले तसा कुल्लो उठला.

"सव्वा तास झाला."

"झाला."

त्याने गावी फोन लावला. मालिम अलिओ म्हणून तिथले पंच होते. सगळं गाव घेऊन ते पट्टीवर थांबले होते, उंट हाकायला पोरं उभी केली होती. "उतरलं का?" नाही. पाच मिनिटांनी परत. नाही. आकाशात काही दिसत नाही. कुल्लोचा चेहरा बदलला. पहिली दोन मिनिटं ती खरी भीती होती, ते मी नाकारणार नाही.

"दोन तास दहा मिनिटं सांगितली होती मी," मी म्हणालो. "सव्वासहाला पोहोचेल." तेवढ्यात रेडिओवर जेरोटिचचा आवाज आला, खरखरत, पण स्पष्ट. सगळं ठीक, निम्म्याहून जास्त रस्ता झालाय, पेशंट जागा आहे. "ऐकलंत?"

"ती बाई कुठेही बसून बोलेल," कुल्लो म्हणाला. "विमान पडलंय आणि तुम्ही लपवताय. इथे लिहिलंय एक तास पंधरा!" आणि पुन्हा तो फोन माझ्या नाकाशी.

दाहिर आपल्या खुर्चीवरून कुल्लोकडे बघत होता. त्याला जे सुचलं ते कुल्लोला एक क्षण आधी सुचलं. कुल्लोने अलिओला परत फोन लावला, आवाज मोठा करून, आणि मेलेल्या माणसासाठी म्हणतात ते शब्द म्हटले. मग म्हणाला, "आबो गेले. विमान पोहोचायची वेळ केव्हाच टळली. सगळ्यांना सांगा. आणि चढताना आबो माझ्या कानात म्हणाले, काठी थोरल्याची."

"खोटं!" दाहिर ओरडला. त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "माझ्या कानात म्हणाले!" आणि त्याने आपल्या मामाला फोन लावला. आबो गेले, शेवटचं माझ्याशीच बोलले, काठी माझी.

माझ्या त्या चार पावलांच्या खोलीत दोन भाऊ पाठीला पाठ लावून आपल्या जिवंत बापाला मारत होते, आणि दोन्ही फोनमधून गावातल्या बायकांचा रडण्याचा आवाज यायला लागला होता.

"अरे जिवंत आहे तो माणूस!" मी टेबलावर हात आपटला. "आत्ता वर आहे! तुमच्या डोक्यावरून जातोय! पंचावन्न मिनिटं थांबवत नाही तुम्हाला?"

कोणी ऐकलं नाही. एव्हाना ते आधी फोन कोणी केला यावर भांडत होते. मी अलिओचा नंबर मागितला, कुल्लोने दिला नाही. हबीबोच्या घरी फोन केला, तिच्या नवऱ्याने गावी लावून पाहिला. कोणी उचलेना. घरात मयत असताना फोन कोण उचलतो?

सहा तेराला जेरोटिच बोलल्या. "मुसिली, एल-गरस दिसतंय. खाली कोणीच नाही. पट्टीवर उंट आहेत. चाळीस तरी असतील. लोक उंट दूर ठेवतील असं म्हणाला होतात."

मी दोघांकडे बघत बटण दाबलं. "लोक रडायला घरी गेलेत, कॅप्टन. या दोघांनी हाजींना मारून टाकलंय फोनवर."

"काय?"

"नंतर सांगतो. उंट हलवायला हवेत."

"विमानाने?" मग जरा थांबून, "माझ्याकडे पंधरा मिनिटांचा उजेड आहे. नाहीतर वाजीरला मागे फिरते. तिथे दिवे आहेत."

वाजीर म्हणजे परत शंभर किलोमीटर, परत एक रात्र, आणि डॉक्टरांनी उद्याचं काय सांगितलं होतं ते मला पाठ होतं. "मागे एक माणूस झोपलाय," मी म्हणालो. "त्याला विचारा. साठ वर्षं उंटच हाकलेत त्याने."

रेडिओ गप्प झाला. मग हबीबोचा आवाज, मागून, आणि मग जेरोटिच. "ते म्हणतात, विहिरीच्या उलट्या बाजूने खाली या. घाबरलेला उंट पाण्याकडे पळतो." आणि बटण सुटल्याची खरखर.

ती मिनिटं मी लिहून ठेवली आहेत. सहा सोळा ते सहा चोवीस. दोघं भाऊ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते. कुल्लोचे ओठ हलत होते. दाहिरने टेबलाची कड धरली होती. त्या आठ मिनिटांत ते दोघं खरंच त्या म्हाताऱ्याची पोरं होती. पण मला त्यांची दया आली नाही. येतेय का ते मी बघितलं, आली नाही.

"उतरलो," जेरोटिच म्हणाल्या. "पेशंट ठीक. एक उंट रागावलाय."

मी टेबलावर डोकं ठेवलं. कोणाला दिसू नये म्हणून वहीत तोंड घातलं. सत्तावीस वर्षांत असं मी कधी केलं नव्हतं. मग डोळे पुसून लिहिलं, उड्डाणाची वेळ दोन तास एकोणीस मिनिटं, पैकी नऊ मिनिटं उंटांची.

"अल्हम्दुलिल्लाह," दाहिर म्हणाला. म्हणाला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. फोनवर आपण काय बोललो ते त्याला तेव्हा आठवलं. कुल्लोलाही आठवलं असावं, कारण तो सावकाश खुर्चीत बसला आणि खुर्ची कुरकुरली.

अर्ध्या तासाने हबीबोचा फोन कुल्लोला आला. त्याने घेतला नाही. दाहिरला आला, त्यानेही घेतला नाही. मग माझा वाजला. मी आवाज मोठा केला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"आहेत का दोघं?" हाजीचा आवाज. दोन शब्द, श्वास, दोन शब्द.

"आहेत, हाजी."

"मी विहिरीपाशी आहे. पाणी प्यायलो. खारट आहे, बरं आहे." श्वास. "माझ्यासाठी रडणाऱ्या बायका ऐकल्या. चांगल्या रडतात. काही तर मी पुढ्यात गेल्यावरही थांबेनात."

कोणी हसलं नाही.

"अलिओ सांगतो, मी मरताना दोघांच्या कानात बोललो. मेल्यावर मी फारच बोलका झालेला दिसतो. कुल्लो."

"आबो."

"दाहिर."

"आबो."

"काठी माझ्या उशाशी आहे. पंच म्हणतात, आत्ताच द्या कोणाला तरी. मी म्हणालो, थांबा. माझी पोरं येतायत." मागे उंटांचा आवाज आला. "रस्त्याने या. एका गाडीत, शेजारी शेजारी बसून. जो एकटा येईल त्याच्या उंटांना या विहिरीवर पाळी नाही, आज नाही, त्याच्या पोरांच्या काळात नाही. पंचांसमोर बोललोय, आता ते मलासुद्धा फिरवता येणार नाही. आणि लवकर या. मला फार थांबता यायचं नाही."

फोन बंद झाला. बाहेर अंधार पडला होता, हँगरचे दिवे लागले होते. फाटकापाशी दोघांच्या दोन गाड्या उभ्या होत्या, एक पांढरी, एक काळी. दोघंही खिडकीतून त्या दोन गाड्यांकडे बघत होते आणि किल्ली कोणीच काढत नव्हतं.

शेवटी कुल्लो माझ्याकडे वळला. दुपारपासून पहिल्यांदा त्याने मला मानाने हाक मारली.

"म्झे, रस्त्याने एल-गरसला किती वेळ लागेल?"

मी वही मिटली, रेडिओ बंद केला.

"फोनमध्ये बघा," मी म्हणालो.